आधी सौना, मग जेवण

आउने: तौनो भावजी, दार उघडा आधी! ह्यांनी आत जाण्यापूर्वी इन्सुलिन टोचलंय का?

तौनो: वहिनी, दार उघडलं की सौनातली सगळी वाफ जाते. दादा मजेत बसलाय. पाणी ओततोय तापलेल्या दगडांवर.

आउने: इन्सुलिनचं पेन टेबलावर पडलंय, सुई तशीच लावलेली.

तौनो: मग बरंच की. जेवणाआधीच टोचायचं असतं ना?

आउने: अहो, पण जेवण कुठंय? बटाटे अजून कच्चे आहेत!

ओइवा: शनिवारी आधी सौना, मग जेवण. माझ्या बापापासून चालत आलंय.

आउने: तुमच्या बापाला मधुमेह नव्हता. बाहेर या.

ओइवा: माझा आजार आहे. मी बघतो. दवाखान्यातल्या मधुमेहाच्या वर्गात शिकवलंय मला.

आउने: काय शिकवलं ते देव जाणे! घरचं माणूस घेऊन या म्हणाल्या होत्या नर्सबाई, तर स्वारी एकटीच गेली. आत्ता फोन केला मी त्यांना. म्हणाल्या, गरमीत औषध अंगात भराभर भिनतं, ताबडतोब बाहेर काढा. ऐकताय ना? अहो!

तौनो: गप्प झालाय.

आउने: गप्प?

तौनो: घाबरता काय? सौनात हा कधी बोललाय?

ओइवा: तौनो... आपली आउने किती गोड आहे रे. तिचे केस बघ. सोन्याचे आहेत.

तौनो: ऐका वहिनी! तुमचं कौतुक चाललंय!

आउने: भावजी, ओढा त्यांना बाहेर. चाळीस वर्षांत ह्या माणसाने माझं कौतुक केलेलं नाही. आणि माझे केस केव्हाच पांढरे झालेत. ओढा म्हणते ना!

तौनो: दादा, ऊठ. अरे... वहिनी, हा पार लटपटतोय. धरा, धरा!

आउने: बसवा इथे पायरीवर. घामाने नुसते थबथबलेत. साखर पार उतरलीय. स्वयंपाकघरातला बेरीचा रस आणा, पळा!

तौनो: तो बिनसाखरेचा. तुम्हीच आणलाय.

आउने: मग जॅम... नाही. मध... अगं बाई! सगळं मीच हद्दपार केलंय घरातून. साखरेचा कण ठेवला नाही. काय करून बसले मी!

तौनो: माझं गोड लिमोनेड! तुम्ही बाहेर बर्फात ठेवायला लावलंत ते.

आउने: जा, जा! अहो, पंचा तरी गुंडाळा!

तौनो: बघू देत शेजाऱ्यांना!

(थोड्या वेळाने. ओइवा पायरीवर, अंगावर घोंगडी. आउनेने त्याचा हात धरलाय.)

तौनो: काय म्हणतंय मीटर?

आउने: साखर चढतेय. आता हा ब्रेड खा. सगळा. भावजी, तुम्ही कपडे घाला जा, गारठून जाल.

ओइवा: बटाटे झाले का?

आउने: बटाटे गेले खड्ड्यात. आज तुम्ही एकटेच आत असता तर? मी तिकडे निवांत सोलत बसले असते. माझा जीव जायची वेळ आली होती.

ओइवा: शनिवारचं विचारायला हवं होतं वर्गात.

आउने: मग का नाही विचारलंत?

ओइवा: बाकीच्यांच्या बायका आल्या होत्या. त्या विचारत होत्या सगळं.

आउने: आणि मी काय मेले होते? मला का नाही नेलंत?

ओइवा: ...तुला कळलं असतं.

आउने: काय?

ओइवा: मला किती भीती वाटते ते.