बाराव्या प्रकरणात काय होतं

सायपिन : चोर आहेत ते. तुमच्या त्या ग्रंथालयाच्या मंडळावरचे सगळे. आंधळ्यांच्या ऐकायच्या पुस्तकातलं अख्खं प्रकरण चोरलं आणि वर पुण्य कमावून बसले. खांदे सैल सोडा, ख्रू. मास्तरीणबाई असलात तरी इथं अंग ताठ ठेवायचं नाही.

उबोन : नोंग सायपिन, धाकटी बहीण म्हणते तुला, ऐक. मी ग्रंथालयाकडून तुला भेटायला आले गं. मालिश करून घ्यायला नाही.

सायपिन : मग भेटतोच आहोत की. हात चालू असले तर मला बोलता येतं. रिकामे असले की मी नुसती बसून राहते.

लुंग खाम : पडून राहा, ख्रू. चांगलं दाबते ती. मी इथं शेजारच्या खाटेवर आहे, गिऱ्हाईक आलं नाही म्हणून फुकट ऐकतोय. मीपण आंधळाच, तेव्हा लाजायचं कारण नाही.

उबोन : लुंग खाम ना तुम्ही, तक्रारवाले काका? तुमच्या तक्रारी पोचतात आमच्याकडे.

लुंग खाम : पोचतात आणि तिथंच मरतात. त्या खुनाच्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण कुठंय? वाचणारी पोरगी लग्न होऊन गेली, खुनी माझ्या गळ्यात टाकून. माझा आपला स्वयंपाकिणीवर संशय आहे. आणि प्रवचनं बघा. तेच एक प्रवचन, वाचणारे पन्नास. कुणाची आई गेली, वाचलं प्रवचन. कुणाला नोकरी लागली, वाचलं प्रवचन. आम्ही काय देवळातली दानपेटी आहोत?

उबोन : लोक श्रद्धेनं वाचतात हो. फुकट वाचतात.

सायपिन : फुकट कुठं? पुढच्या जन्माचं आरक्षण करून घेतात.

उबोन : हे बघ, मला तुझा अभिप्राय घ्यायला सांगितलंय. प्रत्येक प्रकारचं पुस्तक तुला कसं वाटलं, ते. तू सगळ्यात जास्त ऐकतेस.

सायपिन : ऐकत होते. आताही ऐकते, पण कानातून आत जातं आणि आत कशालाच लागत नाही. तरी विचारताय तर सांगते. तुमच्या आवाजातलं स्वयंपाकाचं पुस्तक. ते चांगलंय. बरगड्या मऊ शिजल्या की कोवळा फणस घाला, असं तुम्ही इतकं सावकाश म्हणता की माणसाला चुलीशी बसल्यासारखं वाटतं. थोंगसुकला फार आवडायचं. पोटात पाणी झालेलं, घोटभर पेजसुद्धा जाईना, आणि फणसाच्या रश्शाचं ऐकून लाळ गिळायचा.

उबोन : तुझे यजमान.

सायपिन : नवरा. यजमान काय, लॉटरीची तिकिटं विकायचा बाजारात. तोही आंधळा. त्याला फक्त तुमचा आवाज चालायचा. दुसरं कुणी लागलं की म्हणायचा, बदल, हा माणूस जेवल्यावर वाचतोय.

लुंग खाम : प्रेमाच्या पुस्तकाबद्दल सांग की. खोकल्याचं.

सायपिन : तुम्हीच सांगा.

लुंग खाम : ख्रू, राग मानू नका. ती दोघं खोलीत जातात, दार लागतं, आणि तुम्ही खोकता. खोकला संपतो तर सकाळ झालेली. कोंबडा आरवतोय.

उबोन : माझे विद्यार्थी ऐकतात हो ती पुस्तकं.

लुंग खाम : त्यांना पोरं झाली आता, ख्रू. खोकून झाली नाहीत.

सायपिन : भुताचं पुस्तक तुम्ही सगळ्यात चांगलं वाचलंय. आधी ऐकलं की मला उठून मोरीपर्यंत जायची भीती वाटायची. परवा पुन्हा लावलं. बाई केस सोडून जिन्यात उभी राहिली, आणि मी भांडी घासत होते. काही झालं नाही. घासून झाली, पालथी घातली. एवढाच माझा अभिप्राय. आता आजाराच्या पुस्तकाचं बोला.

उबोन : ते मी वाचलं तेव्हा...

सायपिन : पहिल्यापासून सांगते, तुमच्या कानावर नीट पडू दे. त्याचं यकृत गेलंय म्हणून कळलं तेव्हा तुमच्याच ग्रंथालयानं ते पुस्तक दिलं. घरी रुग्णाची काळजी. मी ते पाठ केलं. काय भरवायचं, कुशीवर कसं वळवायचं, पाठीला जखम होऊ नये म्हणून काय करायचं. अकरावं प्रकरण संपलं की तुम्ही म्हणता, प्रकरण तेरा. मला वाटलं, ख्रूंची जीभ चुकली.

उबोन : नाही चुकली.

सायपिन : माहितीये. त्या दिवशी सकाळी त्याचे पाय गार होते. मी पाय दाबते, पोट त्यावरच चालतं, आणि मी काय केलं? मोजे घातले. श्वास अडकत अडकत येत होता. म्हटलं, झोप लागली गाढ. स्वयंपाकाचं पुस्तक लावून दिलं आणि दुकानात आले. संध्याकाळी घरी गेले तर संपलेला. नंतर नर्स आली, म्हणाली, पाय गार पडले, श्वास तुटायला लागला, तरी तुम्ही गेलात? छापील पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, वाचलं नाहीत का? मी म्हटलं, बाई, आम्हाला जेवढं वाचून दाखवतात तेवढंच आम्ही वाचतो.

लुंग खाम : मी तिथंच होतो तेव्हा. नर्सनं आपली पिशवी उचलली मग.

उबोन : मी वाचलं होतं गं. बारावं. पूर्ण वाचलं होतं. त्यांनी काढून टाकलं.

सायपिन : का?

उबोन : ते पुस्तक एका बाईंच्या पैशातून झालं. त्यांचा साठावा वाढदिवस होता, त्यानिमित्त पुण्य म्हणून. मंडळातले म्हणाले, वाढदिवसाच्या दानात मरणाचं कसं ठेवायचं? अपशकुन. आणि आजारी माणसाच्या खोलीत ते मोठ्यानं ऐकू येणार. डोळस माणूस पान उलटून पुढं जातो, यांचं तसं नाही, म्हणाले. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही तेव्हा बरोबरच वाटलं.

लुंग खाम : म्हणजे बाईंचा केक गोड राहावा म्हणून.

सायपिन : लुंग, गप्प बसा जरा. ख्रू, त्यात काय होतं? आठवतंय?

उबोन : नोंग, आता ते ऐकून तुला...

सायपिन : मला काही होत नाही. सांगितलं ना. वाचा.

(उबोन खाटेवर उठून बसते.)

उबोन : पाय गार होतात, गुडघ्यांवर निळसर डाग येतात, ते प्रकरणाच्या सुरुवातीला होतं. मग श्वासाचं. मग असं होतं की, रुग्ण बोलत नसला तरी त्याच्याशी बोलत राहा. डोळे मिटले तरी कान बहुतेक शेवटपर्यंत जागे असतात. जवळच्या माणसानं कानाशी बसावं. ‘बुद्धो’ म्हणत बुद्धाचं नाव घ्यावं, किंवा त्याला आवडेल ते बोलावं. ओळखीचा आवाज असू द्यावा. एवढंच. दीडेक पान होतं.

सायपिन : मी त्याच्या कानाशी बसले असते.

उबोन : हो.

सायपिन : माझ्या आईच्या बसले होते. सगळं गाव बसतं.

उबोन : मी मंडळात सांगते. ते प्रकरण पुन्हा घालायला लावते. तुझ्या नवऱ्याच्या नावानं करू, पुण्य त्याला लाभेल.

सायपिन : त्याला तुमचं पुण्य नको. मला एक सांगा. मी सकाळी स्वयंपाकाचं पुस्तक लावलं. आमच्या यंत्रावर एक संपलं की पुढचं आपोआप सुरू होतं. मी परत आले तेव्हा भुताचं चालू होतं. मध्ये प्रेमाचं येतं. तिन्ही तुमचीच. मी तेव्हापासून ती पुन्हा पुन्हा लावते, बसून राहते. मला कळत नाही.

उबोन : काय कळत नाही?

सायपिन : ओळखीचा आवाज होता ना त्याच्या कानाशी. तुमचा होता. मी नव्हते, तुम्ही होतात.

उबोन : सायपिन.

सायपिन : मग तुम्हीच सांगा, ख्रू. तो गेला तेव्हा तुम्ही त्याला काय वाचून दाखवत होतात?