कागदी तोंडाचा मासा आणि हॉलिसमामा

हॉलिसमामाने घात केला. वाऱ्याने नाही, गढूळ पाण्याने नाही, माझ्या गळाने तर मुळीच नाही... हॉलिसमामाने. आणि गावात कुणालाही विचारा, काय सांगतील? "पोराच्या गळात दम नव्हता." हे त्यांना कुणी सांगितलं? हॉलिसमामाने. रविवारी, चर्चच्या पायरीवर, कानाला पट्टी लावून. आता तो पडला डीकन, चर्चचा कारभारी, दानाची थाळी फिरवतो, तो खोटं कसं बोलेल? तुम्हाला सांगतो, थाळी फिरवणाऱ्याचं खोटं म्हणजे लाखेने बंद केलेलं पाकीट, आत काय आहे ते कुणी फोडून बघत नाही.

आमच्या मिसिसिपीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की क्रॅपी नावाच्या माशाचं तोंड कागदाचं असतं. खरंच कागद, उन्हात धरलं तर आरपार उजेड दिसतो. त्याला गळ लागला की झटका द्यायचा नसतो, काठी नुसती वर घ्यायची, झोपलेल्या बाळाच्या मानेखालून आपण हात काढतो ना, तशी. झटका नाही, नुसतं उचल. एवढंच शास्त्र. त्याला कॉलेज लागत नाही, मी अर्धवट सोडलं तरी मला येतं. पण मामाने जन्मभर धरला तो बास, म्हणजे निराळ्याच जातीचा मासा. बासचं तोंड म्हणजे बुटाचं कातडं, तिथे दोन्ही पाय रोवून, दात खाऊन, चिखलात रुतलेली गाडी ओढल्यासारखा झटका द्यावाच लागतो. आणि एकदा म्हाताऱ्या माणसाला एक गोष्ट जमली की जगातल्या बाकीच्या सगळ्या गोष्टी त्याला तशाच वाटतात.

तर जिग, म्हणजे माशाला भुलवायचा खोटा चारा. कॉलेज सोडून घरी आलो त्या दिवसापासून मी गॅरेजात बसून जिग बनवतो. साच्यात बारीक तारेचा गळ ठेवायचा, वितळलेलं शिसं ओतायचं, मटारएवढं मुंडकं तयार, ते तापवून रंगाच्या भुकटीत बुडवायचं, मग आईच्या छोट्या भट्टीत भाजायचं. आई म्हणते, बिस्किटांना रंगाचा वास येतो. येतो, मी नाही म्हणत नाही. रंग गळाच्या भोकात शिरून बसतो तो सुईने टोकरायचा, आणि शेवटी दोऱ्याने पिसांची शेपटी बांधायची. पिसं काळी. आमच्या तलावाचं पाणी चहासारखं, त्यात पांढऱ्या शेपटीला कुत्रं विचारत नाही, मी करून बघितलंय, बापाच्या शर्टावरची पिसं वेचून करून बघितलंय. काळी पिसं आमच्या कोंबड्याची. त्याला माझी चाहूल लागली की तो ट्रकखाली जाऊन बसतो.

बापाच्या शर्टावर पांढरी पिसं कुठून, तर तो कोंबड्यांच्या कारखान्यात आहे. मला आठवतंय तेव्हापासून आहे. घरी येतो तो भुवईत पीस, कानात पीस, जेवताना शिंकला तर ताटात पीस. त्या आठवड्यात तो मला म्हणाला, "सोमवारी एक जागा आहे. जिवंत कोंबड्या टांगायच्या. मुकादमाला मी थांबवून ठेवलंय."

"आणि शनिवारी माझं जमलं तर?"

"तर मी मुकादमाला सांगेन की माझ्या पोराला स्वतःचा धंदा आहे." हे त्याने ताटाकडे बघून सांगितलं. माझ्याकडे बघून सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं, पण आमच्या घरात तेवढी पद्धत नाही.

शनिवारी काय? शनिवारी मिस ओपल. तलावाच्या काठाला तिचं दुकान आहे, गळ, गळाला बांधायचा तंगूस, जिवंत चारा, उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा, आणि आत एक भिंत, तिच्यावर नुसते हाताने बांधलेले जिग. त्या भिंतीवर ज्याचा जिग लागला त्याला तीन जिल्हे ओळखतात. म्हातारा ऑर्विल वारला आणि त्याची खुंटी रिकामी झाली, तसा मी माझे जिग घेऊन गेलो. तिने चष्मा कपाळावरून खाली घेतला, प्रत्येक दोरा नखाने ओढून बघितला. म्हणाली, "दिसायला छान आहेत. माझ्या खिडकीचे पडदेही छान आहेत, त्यांनी अजून एक मासा धरलेला नाही. शनिवारी बाराला मी दुकान बंद करते. त्याच्या आत दोन पौंडांच्या वरचा क्रॅपी आण, तुझा जिग त्याच्या तोंडात असू दे. खुंटी तुझी."

आता क्रॅपी असतो बुडवलेल्या झाडांत. नाताळ सरला की लोक घरात सजवलेली झाडं फेकून देतात, ती विटा बांधून आम्ही तळाला सोडतो, मासे त्यांत घरं करतात. ती जागा काठापासून लांब, म्हणजे होडी हवी, होडी मामाची, आणि मामाची होडी मामाशिवाय हलत नाही. मी निघायच्या आधी सांगितलं, वाटेत सांगितलं, होडी पाण्यात ढकलताना सांगितलं, "मामा, झटका नाही, नुसतं उचल."

"पोरा, तू लंगोटात होतास तेव्हापासून मी मासे धरतोय."

"बास, मामा. बास धरताय."

"मासा तो मासा." आणि तंबाखूची पिंक कपात.

त्याने जिग सोडला तो थेट तळाला. मी म्हटलं, "मामा, वर घ्या. क्रॅपीचे डोळे वरच्या अंगाला असतात, तो वर बघून खातो, त्याच्या पायाखाली टाकलेलं त्याला दिसायचं नाही."

"माशाला पाय कुठले? कॉलेजात हेच शिकवलं का?"

"नाही. म्हणून तर सोडलं."

तरी त्याला एक लागला. कसा लागला देव जाणे. काठीचं टोक जरासं लवलं आणि मामाने असा हिसका मारला की होडी कलंडली, टोपी पाण्यात, आणि जिगला माशाच्या ओठाचा एक पापुद्रा. मासा गेला. "झटका नाही..." मी म्हटलं. "नुसतंच उचललं की," मामा म्हणाला, जाळीच्या दांड्याने टोपी काढत. मग दुसरा गेला. मग तिसरा. तुम्हाला सांगतो, सूर्य डोक्याकडे सरकत होता, मला लागत होते ते सगळे तळहाताएवढे, आणि हा माणूस एकेका हिसक्याने अख्खं गोकुळ उठवत होता, खाली झाडांत मासा राहील कशाला?

मग मामाला भूक लागली. सँडविच बाहेर निघालं. आणि डीकन माणूस, प्रार्थनेशिवाय घास घेईल? टोपी काढली, ओली टोपी, डोळे मिटले, एक हात माझ्या खांद्यावर... आणि सुरू. अन्नाबद्दल आभार. पाण्याबद्दल आभार. माझ्या आजीच्या गुडघ्याबद्दल आभार. "आणि हे प्रभू, या पोराला सुबुद्धी दे, बापासारखं कष्टाचं काम करायची लाज त्याला वाटू देऊ नकोस, सोमवारी त्याला वेळेवर उठव..."

तेव्हा कळलं मला. हा मासा धरायला आलाच नव्हता, हा मला सोमवारच्या कामावर पोचवायला आला होता.

आणि त्याच वेळी माझा तंगूस ढिला पडला. ओढ नाही, हिसका नाही, नुसता ढिला. ज्याला माहीत नाही त्याला वाटेल काही झालंच नाही. पण ढिला म्हणजे मासा जिग तोंडात घेऊन वर आला. मी काठी उचलली, नुसती उचलली, आणि काठी वाकली ती वाकतच गेली. खांद्यावर मामाचा हात तसाच, कानात प्रार्थना तशीच. मी तोंडातल्या तोंडात म्हटलं, "मामा, जाळी." जाळी त्याच्या बुटाखाली.

"...आणि जे वाट चुकले आहेत..."

"मामा, पाय उचला."

मासा वर आला. आडवा झाला. तुम्हाला सांगतो, ताटाएवढा. काळ्या ठिपक्यांचा, दोन पौंडांच्या कितीतरी वर, आणि वरच्या ओठात माझा जिग, हिरवं-पिवळं मुंडकं, काळी शेपटी, ओठाचं भोक जरासं मोठं झालेलं. होडीपासून हातभर. आता फक्त खालून जाळी सरकवायची. काठी मी तसूभरही हलू दिली नाही.

"आमेन," मामा म्हणाला आणि त्याने डोळे उघडले.

जाळी द्यायची की नाही? नाही. घरातला वडीलधारा ना तो, ताटाएवढा मासा भाच्याच्या हातात कसा राहू देईल? "सोड, तू घालवशील," म्हणाला आणि काठी माझ्या हातातून हिसकावली, दोन्ही पाय रोवले... मी ओरडलो, "झटका नाही..."

कागद फाटला. आवाज नाही झाला, मला वाटलं होतं होईल. मासा क्षणभर तिथेच राहिला, त्यालाही खरं वाटलं नसावं, मग शेपटी हलवून खाली गेला. आणि जिग सुटला तो सरळ आला आणि मामाच्या कानात, खालच्या मऊ पाळीत, आरपार.

तर त्या कानासकट आम्ही दुकानात. बाराला थोडा अवकाश होता. मामा दारातूनच, "ओपल, केवढा होता सांगू, पण या पोराचा गळ वाकला बघ, पातळ तार वापरतो, दम नाही." ओट्यावर बसलेले चार म्हातारे मान डोलवायला लागले. मिस ओपलने चष्मा खाली घेतला, मामाचा कान दिव्याकडे वळवला, आणि गळ बघितला. बराच वेळ बघितला. गळ जसाच्या तसा. सरळ. मला दिसत होतं, तिलाही दिसत होतं.

"गळ वाकलेला नाही, हॉलिस," ती हळूच म्हणाली. मग पक्कड घेतली, तो काढला, पुसून माझ्या तळहातावर ठेवला.

"मग खुंटी?" मी विचारलं.

"पोरा, मी काट्यावर काय ठेवू? याचा कान?"

म्हातारे हसले. मामाही हसला, कान धरून. तिने दारावरची पाटी उलटी केली.

घरी आलो. बापाने कारखान्यातल्या रबरी बुटांचा दुसरा जोड माझ्या दाराशी आणून ठेवला.

सोमवारी मी वेळेवर उठलो, प्रार्थना पोचली असणार. तेव्हापासून कोंबड्या टांगतो. ऑर्विलच्या खुंटीवर आता दुसऱ्या कुणाचे जिग आहेत. माझा साचा गॅरेजात तसाच पडलाय. पिसं मात्र हवी तेवढी फुकट मिळतात. सगळी पांढरी.