पाच मिनिटांचा संसार

...आणि वर विचारतात, "काका, वसूल झालं का?" अहो, रिसॉर्टवरून नुकता आलोय, बॅग अजून माझ्या हातात, लिफ्टचं दार बंद व्हायचंय, तेवढ्यात तो चौथ्या मजल्यावरचा धनेश, "काका, वसूल झालं का?" खाली वॉचमन, "साहेब, वसूल?" इस्त्रीवाला, दूधवाला, सगळ्या मोशीला एकच काळजी! मी म्हणतो, ते रिसॉर्ट आहे का गुऱ्हाळ, पिळून किती रस निघाला ते सांगायला?

तुम्हाला सांगतो, मला काडीची हौस नव्हती. आमची पोरगी स्वप्नाली, पिंपळे सौदागरला असते, आयटीत आहे, तिनं परस्पर बुकिंग करून टाकलं. "पप्पा, एप्रिलमध्ये तुम्ही रिटायर होणार, मग तुम्ही आणि मम्मी कायम एकत्र. ही त्याची प्रॅक्टिस समजा." प्रॅक्टिस! तीस वर्षं शिफ्टमध्ये काढली, आधी भोसरीला, मग चाकणला, प्रेस शॉपचा, म्हणजे पत्रा दाबायच्या मशिनींचा, मेंटेनन्स फिटर मी, आणि बायकोबरोबर राहायची प्रॅक्टिस करायची ती कुठं, तर डोंगरावरच्या इंग्रजांच्या वेळच्या बंगल्यात, एका रात्रीचे अठरा हजार मोजून! मोजले पोरीनं, पण धाप मला लागली.

आणि अठरा हजारांत आहे काय? लिफ्ट नाही. एसी नाही. टीव्ही नाही. मोबाईलला रेंज नाही. आंघोळीचं पाणी बंबात तापवून बादलीनं आणून देतात. मी मॅनेजरला म्हटलं, "अहो, एवढी गैरसोय आमच्या गावाकडं फुकट मिळते की!" तर तो हात बांधून, अगदी देवळातल्यासारखा हळू, "सर, ही आमची परंपरा आहे. आमच्याकडे टीव्ही नसतो. इथं पाहुणे एकमेकांशी बोलतात." बोलतात म्हणे! मी आमच्या सुमनकडं बघितलं, तिनं माझ्याकडं बघितलं... आणि दोघांनीही भिंतीवर टीव्ही शोधला, खोटं कशाला बोलू.

रात्री त्या पलंगावर चढलो, चढलो म्हणजे खरंच चढलो, त्याला दोन लाकडी पायऱ्या आहेत, आणि वरचा पंखा सुरू झाला. कुर्र... कुर्र... कुर्र... मी फिटर माणूस, मला झोप लागणार? बेअरिंग गेलंय हो त्याचं! मी लगेच खाली गेलो, म्हटलं, "स्टूल द्या, पाना द्या, थोडं ग्रीस द्या, दहा मिनिटांचं काम आहे." मॅनेजरनं कानावर हात ठेवले. "नको, नको, सर! तो आवाज आजोबांच्या काळापासून आहे. काही पाहुणे खास त्या आवाजासाठी येतात." ऐका! आमच्या प्रेस शॉपमध्ये असा आवाज आला तर मला मेमो मिळतो, आणि इथं त्याच आवाजाचे पैसे लावतात! आता ह्यात वसूल काय करायचं, तुम्हीच सांगा.

आणि जेवण! जेवणाला घंटा. शाळेची असते तशी. घंटा झाली की कॉलरवाला शर्ट आणि पायात बूट, चपलेला प्रवेश नाही. आता माझ्याकडं बूट म्हणजे कुठले? कंपनीचे सेफ्टी शूज! पुढं लोखंडी टोपी असलेले! तेच घालून गेलो, त्या लाकडी जमिनीवर खाड... खाड... खाड... सगळ्यांनी सूप प्यायचं थांबवलं. एका फेटेवाल्या वाढप्यानं सुमनसाठी खुर्ची मागं ओढली, सुमन दचकली, तिला वाटलं उठवतोय, ती उभीच राहिली. "बसा मॅडम." "नको, तुम्ही बसा." "मॅडम, मी वाढणार आहे." "मी घेते की वाढून!" पाच मिनिटं दोघंही उभे.

शेवटी बसली. आता बोलायचं.

तर ते कसं आहे, तुम्हाला सांगतो. कंपनीत शिफ्ट बदलताना हँडओव्हर असतो. जाणारा येणाऱ्याला सांगतो, "तीन नंबरच्या प्रेसचं ऑइल गळतंय, लक्ष ठेव, चल." पाच मिनिटं, संपलं. आमचा संसार तसाच झाला राव! मी थर्ड शिफ्ट, म्हणजे रात्रपाळी, करून दारात, ती पिशवी घेऊन मंडईला निघालेली. "दूध तापवलंय, सिलिंडर संपत आलाय, स्वप्नालीला ताप आहे, औषध फ्रीजवर." मी म्हणणार, "बरं. बसला गर्दी आहे, रिक्षानं जा." झालं. पोरगी मोठी झाली, शिकली, लग्न झालं, सगळं त्या पाच मिनिटांत!

त्या टेबलावर मी म्हटलं, "गॅस बंद केलास ना?" म्हणाली, "केला." ती म्हणाली, "गोळी घेतली?" म्हटलं, "घेतली." आणि हँडओव्हर संपला. सूप अजून यायचं होतं! पुढं दोन रात्री आणि दोन दिवस शिल्लक, आणि बोलणं खलास... त्या फेटेवाल्यासमोर मला घाम फुटला हो. शेजारच्या टेबलावरचं म्हातारं जोडपं खिदळतंय, आणि आम्ही मिठाची बाटली इकडून तिकडं सरकवतोय.

दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, ही कुजबुजत बोलतेय. भर दुपारी, व्हरांड्यात, चिटपाखरू नाही, आणि ही आपली कानाशी येऊन, "चहा सांगू का?" मी म्हटलं, "अगं, मोठ्यानं बोल की, कोण झोपलंय इथं?" तर म्हणाली, "सवय. दिवसा तुम्ही घरात म्हणजे झोपलेलेच." मग सांगत बसली... दारावरची बेल तिनं काढून ठेवली होती, कुकरची शिट्टी होऊ देत नव्हती, वाफ धरली की हातानं शिट्टी उचलायची, पोरगी रडली तर तिला घेऊन जिन्यात जाऊन बसायची. मला काय ठाऊक? मी घोरत होतो! मला वाटायचं, आमचं घर किती शांत आहे. लोकांना अभिमानानं सांगायचो मी.

म्हटलं विचारावं. झोपाळ्यावर बसलो होतो, धीर केला. "सुमन, तुला माझा कंटाळा आला का गं?"

ती हसली. म्हणाली, "कंटाळा यायला आधी माणूस घरात असावा लागतो."

पण सांगतो, त्यानंतर गाडी जरा लायनीवर आली. तिनं सांगितलं, ती सहा वर्षांपासून चहात साखर घेत नाही. मी तिच्या कपात दोन चमचे टाकत होतो! मी सांगितलं, मला अंधारात एकट्यानं चालायला भीती वाटते, म्हणून बस चुकली तर कंपनीच्या गेटवरच उभा राहतो. ती एवढं हसली, एवढं हसली, की मॅनेजर धावत आला. मला तर इतकं बरं वाटलं राव, मी मनातल्या मनात म्हटलं, आता एप्रिल आला तरी चालेल. रोज असंच बसू. झाले की पैसे वसूल! पहिल्यांदा मीच म्हटलं, स्वतःशी!

आणि आलो परत. चार दिवस गेले. काल संध्याकाळी ही म्हणते कशी, "अहो, एप्रिलपासून मी कामाला जाणार. पोळ्या करून कंपन्यांना पुरवतात ना, त्या मोठ्या किचनमध्ये. सेकंड शिफ्ट, तीन ते अकरा."

मी म्हटलं, "अगं, मी घरी येणार तेव्हाच? पैशाची काय अडचण आहे का?" म्हणाली, "नाही." "मग माझं काही चुकलं का? तिथं तर हसत होतीस!" म्हणाली, "हसले ना. छान गेले दोन दिवस. पण अहो, मला तुमची वाट बघायची सवय आहे. समोर बसलेल्या माणसाची वाट कशी बघायची? दिवसभर बसलात समोर, तर आठ दिवसांत माझं प्रेम आटेल." आणि एवढं बोलून गेली पीठ मळायला! प्रेम हा शब्द तीस वर्षांत पहिल्यांदा आला आमच्या घरात, आणि आला तो कुठं, तर रजेच्या अर्जात!

रात्रभर जागा होतो. स्वप्नालीला फोन केला, तर ती म्हणते, "मम्मी बरोबर बोलते, पप्पा." दोघीही एक! मी हो म्हटलंय. नाही म्हणून करतो काय? तीस वर्षं तिनं बघितली, आता मी बघीन वाट. रोज अकरापर्यंत बघीन. फक्त एवढं सांगा राव, तुमच्यात कुणाला ठाऊक असेल तर... वाट बघताना माणसं नक्की करतात काय?