ताईची खोली

हॅलो?… हॅलो, ताई?… थांब, थांब, काही बोलू नकोस, जिन्यावर जाते. घरात आवाज तुटतो… हां, आता बोल. चौथ्या पायरीवर येतो नीट. पाचवीवर गेलं की गेलाच… अगं हसतेस काय! वीजवाला, सुतार, गवंडी, सगळ्यांना इथेच बसून फोन करते मी. सगळ्यांचं 'उद्या येतो' याच पायरीवर ऐकते.

हो… हो, बरी आहे… आवाज दमलेला येतोय? मग दमलेय तर ताजा आवाज कुठून आणू?

इथे येऊन सोळा दिवस झाले. नाही, पंधरा नाही, सोळा. मी मोजतेय ना.

अगं, खोकी अजून तशीच आहेत! एक उघडावं तर त्यात दुसऱ्याच खोक्यातलं सामान. चहाची गाळणी काल सापडली, बुटांत. दोन आठवडे रुमालातून चहा गाळून पितेय… एकतीस वर्षं दवाखान्याच्या खिडकीत बसून केसपेपर लिहिले, समोर रोज दोनशे माणसं, पण अशी कंबर कधी धरली नव्हती.

ट्रक? तुला सांगितलं नाही का? अगं, वळणावरच चाक रुतलं. कच्चा रस्ता तो. ड्रायव्हर म्हणाला, पुढे नाही जाणार. मग काय, शेवटचा अर्धा किलोमीटर सगळं उचलून! कपाट चार जणांनी, फ्रिज हातगाडीवर. मोठा आरसा मी कुणाच्या हातात दिला नाही, स्वतः आणला, पोटाशी धरून. आणि समोरून आल्या शेळ्या… हो, शेळ्या! वीसेक असतील. आरशात स्वतःलाच बघून अशा बिथरल्या की सगळ्या चहूकडे. त्यांची मालकीण, पलीकडच्या शेतावरच्या बाई, माझ्याकडे अशी बघायला लागली… आमची ओळखच ही. आता हसलीस तर चालेल.

अगं ऐक ना, बाथरूमचं ऐक. उतार उलटा काढलाय गवंड्याने. पाणी जाळीकडे जायच्या ऐवजी दाराकडे येतं. अंघोळ करायची आणि नंतर अर्धा तास पाणी ढकलत बसायचं. त्याला म्हटलं, तर म्हणतो, 'बाई, घर नवीन आहे, बसेल हळूहळू.' म्हटलं, घर बसेल हो, पाणी कसं बसेल? आज आलाय एकदाचा. फोडतोय. तो ठकठक आवाज येतोय ना, तोच.

नाही, तुझ्या बाथरूमचा उतार बरोबर आहे. तुझं सगळं बरोबर आहे… अगं खरंच! तुझ्या खोलीसाठी मी डोक्यावर उभी होते त्यांच्या. खिडकी खाली घेतलीय, पलंगावर पडल्या पडल्या बाहेरचं दिसेल. दिव्याचं बटण उशीच्या उंचीवर. आणि दाराला उंबरठा नाही. गवंडी म्हणाला, उंबरठा नको म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच. म्हटलं, माझ्या बहिणीचे गुडघे तुम्ही बघितले नाहीत… हो, तुझी पेटी भिंतीशी ठेवलीय. कुलूप नाही उघडलं. पडदेसुद्धा तिथलेच आधी लावले.

मी? मी हॉलमध्ये झोपते, खोक्यांच्या मधे. माझ्या खोलीत सिमेंटच्या गोण्या आहेत अजून. काही नाही होत गं.

बरं, ते राहू दे. तू रविवारी सकाळी निघतेस की दुपारी? म्हणजे वळणापर्यंत मी येते, सामान घ्यायला… हॅलो?… ताई?… आहेस ना?

गेल्या रविवारी तू म्हणालीस, पुढचा रविवार. त्याच्या आधी सर्दी होती…

काय?

परत सांग, आवाज तुटला… नाही. नाही तुटला. ऐकलं मी. तरी परत सांग.

हं.

हं… म्हणजे तू येणारच नाहीस. कधीच.

रडू नकोस. आधी नीट सांग. सून कुठे चाललीय?… बदली? तीन वर्षं?… आणि मुलगा तिथेच?… नाही, तोही जाणार. सगळेच जाणार. आणि नातीला कोण सांभाळणार म्हणून तू… हो, कळलं. आठ महिन्यांची पोर, पाळणाघरात कशी ठेवणार… कळतंय गं मला. मी कुठे म्हणतेय कळत नाही?

तू 'नाही' म्हणू शकली नाहीस… बरोबर. तुला कधीच जमलं नाही ते.

ताई, एक विचारू? खरं सांगशील?

कधी कळलं तुला हे?

नाही, 'आत्ताच' नको. दिवस सांग.

…

म्हणजे ट्रक भरायच्या आधी.

ट्रक भरायच्या आधी माहीत होतं तुला. त्या दिवशी खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होतीस माझ्या शेजारी बसून. 'ताईचं', 'ताईचं' म्हणून मी लिहून देत होते आणि तू चिकटवत होतीस.

अहो, जरा थांबा हो! दोन मिनिटं ठोकू नका. बहिणीशी बोलतेय… नाही, तुला नाही, गवंड्याला.

बोल… हिंमत झाली नाही… बरं. पण मग मला का जाऊ दिलंस? जुनं घर सोडायचं होतं अजून. घरमालकीण म्हणत होती, राहा अजून दोन महिने. एक शब्द बोलली असतीस तर थांबले असते मी… मी खुश दिसत होते? अगं, मी खुश तुझ्यासाठी होते!

आता ऐक. मला बोलू दे, मधे बोलू नकोस. मला नको होतं घर. कधीच नको होतं. मला त्या दोन खोल्या पुरत होत्या, खाली वाण्याचं दुकान, समोर बसस्टॉप. माती, झाडं, मोकळं आकाश, हे सगळं तुझं. भाऊजी गेल्यापासून तू बोलत होतीस, रोज बोलत होतीस, मग बोलता बोलता मलाही वाटायला लागलं. नकाशासुद्धा तूच काढलास, कॅलेंडरच्या मागे. आणि आता तुझ्या घरात मी राहतेय. एकटी. आणि तू त्यांच्याबरोबर सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जाणार.

नाही… ओरडत नाहीये. बघ ना, ओरडतेय का मी?

नाही गं, राग नाही. रागवायला सुद्धा अंगात जोर लागतो. तो आत्ता नाहीये माझ्यात.

…

आहे. फोनवरच आहे. बसलेय नुसती.

काय हो?… नाही ताई, एक मिनिट… काय म्हणताय?… दांडा? भिंतीतला, धरायचा?… हो, लावा. ठरलंय तिथेच लावा… अहो, हो म्हटलं ना, लावा!… कोणता काय, तुझ्या बाथरूममधला आधाराचा दांडा… कशाला म्हणजे? माझे गुडघे काय जन्मभर तरुण राहणारेत? दोन वर्षांत साठीची होईन मी.

विकून टाक? इतक्यात?… नाही. नाही माहीत मला. परत जाऊ म्हणजे कुठे जाऊ, त्या खोल्यांत नवीन जोडपं आलं राहायला… तुमच्याकडे? सातव्या मजल्यावर? सुनेच्या घरी, तिच्या सासूची बहीण म्हणून? नको गं. प्रेमाने म्हणतेस ते कळतं मला. पण नको.

सांगू तुला, परवा काय झालं? तिन्हीसांजेला मी बाहेरच्या पायरीवर बसले होते. उठायचंच त्राण नव्हतं. दिवा लावायला पण उठले नाही. तर त्या शेळ्यांच्या बाई आल्या. बोलल्या काही नाहीत. शेजारी बसल्या. अर्धा तास असेल… नाही, अक्षरशः काही नाही बोलल्या. शेळ्या आजूबाजूला खुडखुड करत होत्या. मग उठल्या, म्हणाल्या, 'विहिरीवर या हवं तेव्हा,' आणि गेल्या. सोळा दिवसांत तेवढाच अर्धा तास मला कुणाला काही सांगावं लागलं नाही. बरं वाटलं… का ते नाही माहीत. वाटलं.

गवंडी म्हणतो, नव्या भिंती पुऱ्या वाळायला वर्ष लागतं. वर्षभर राहून बघते. त्यानंतर ठरवू. नाही, 'ठरवू' नाही, ठरवीन. माझं मी.

हो, आणि तुझ्या खोलीत मी जाणार आता. आजच. गादी उचलून नेते… विचारत नाहीये ताई, सांगतेय. तिथे उजेड चांगला आहे आणि तिथलं पाणी जाळीकडे जातं.

पेटी पाठवून देते… नको? राहू दे इथेच? बरं. राहू दे. त्यात काय आहे एवढं?… बियाणं? सगळी पेटी भरून?… ताई! दोन वर्षं साठवत होतीस? अगं, मग सांगायचं तरी, मी कोरड्या जागी ठेवली असती… हो, उघडते. किल्ली नाही माझ्याकडे… बघते, सुताराला सांगते… कुठलं आधी पेरू, तू सांग… नाही, आत्ता नको. आत्ता मी लिहून नाही घेऊ शकत. डोळ्यांपुढे नीट दिसत नाहीये मला.

हो. मीपण.

रडू नकोस गं. मी रडले की तू जास्त रडतेस, लहानपणापासून तेच तुझं. पुस डोळे.

कोण रडतंय? छोटी उठली?… जा. जा, घे तिला. भूक लागली असेल… नंतर बोलू, हो, बोलू ना, जाणार कुठे मी. याच पायरीवर असेन.

हो… हो… नाही रागावले. जा आता, किती रडतेय पोर.

ठेव फोन… तू ठेव आधी… अगं तू ठेव, तिला घ्यायचंय ना तुला.

नाही ठेववत?

बरं. मग मी ठेवते.