मागच्या बैठकीचे पन्नास किलो

कीतो शहरात बसच्या रांगेत ओफेलिया मक्याच्या पानांत वाफवलेल्या गरम उमितांची पिशवी छातीशी धरून उभी होती. पुढे ग्रीसने काळ्या झालेल्या हातांचा एक बाप आणि शाळेच्या गणवेशातली त्याची लेक. दोघांची शर्यतीच्या लाकडी गाडीवरून जुंपली होती.

“घर्षण वीस न्यूटन! गाडी लोण्यासारखी पळतेय, नायेली. यंदा उतारावर आपला हात कोण धरतो बघू.”

“वीस कसं येईल, पप्पा? चाकं कुरकुरतायत. काल सपाटीवर ताणकाटा लावून ओढलीत, तेव्हा ओढ किती होती?”

“दीडशे. आणि त्वरण एक.”

“मग वस्तुमान गुणिले त्वरण, ते दीडशेतून वजा. उरेल ते घर्षण. वस्तुमान किती धरलंत?”

“एकशे तीस.”

“अहो, गाडी आणि मी मिळून ऐंशी किलो! घर्षण सत्तर आहे. हे वरचे पन्नास कुठून आणलेत?”

“मागची बैठक आहे ना.”

“ती रिकामी होती, पप्पा.”

“मागे विल्मर बसतो.”

“बसायचा.”

रांग दोन पावलं सरकली. बाप जागचा हलला नाही. ओफेलियानेही त्याला ‘पुढे चला’ म्हटलं नाही.

“आणि दादाला धरायचंच, तर पन्नास कसे? दवाखान्यातून घरी आणला, तेव्हा तुम्ही त्याला एका हातावर उचललं होतंत.”

“ठाऊक आहे, बाळा. तू पन्नासच धर. दुखण्याच्या आधीचे.”