सही नाही म्हणजे नाही

दातांच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून शिंपीणबाई मासिक चाळत बसली होती. शेजारच्या बाकावर एक भाऊ थोरल्या बहिणीपुढे कागद नाचवत होता.

“ताई, चर्चच्या कमिटीतल्या सगळ्यांनी सह्या केल्यात. तुझी एकटीची राहिलीय.”

“राहू दे.”

“म्हणजे मी पाळक व्हायला नालायक?”

“आत्ता तरी आहेस.”

“दारूला शिवलोय का मी कधी?”

“दारू सकाळी उतरते रे. तुझा राग उतरत नाही.”

“माझ्या प्रवचनाला लोक रडतात!”

“सुताराची मुलगीही रडली. बापाची शवपेटी समोर होती, आणि तू तिला सगळ्यांदेखत म्हणालास, उपासना चुकवत होतीस म्हणून देवानं ही वेळ आणली.”

“बोलण्याच्या भरात निघून गेलं.”

“पाळकाला भान सोडून चालत नाही. त्याच्या तोंडचं लोक देवाचं समजतात.”

“सख्खी बहीण आडवी आली, म्हणतील लोक.”

“म्हणू देत. हवं तर कमिटीतून काढा मला. सही नाही म्हणजे नाही.”

नर्सनं शिंपीणबाईला हाक मारली. तिनं मागच्या म्हाताऱ्याला हातानंच पुढे जायला सांगितलं आणि उगीच एक पान उलटलं.

भावानं कागदाची घडी घातली. त्याचा आवाज खाली आला होता.

“मग काय करू मी?”

“त्या मुलीकडे जा. माफी माग.”

“ती दार उघडणार नाही.”

“मग बाहेर थांब. पण ओरडू नकोस.”