चवळीचा शेवटचा दाणा

नाही गं पोरी, दाणा कुठं ठेवायचा ते कळलंय मला, घाई करू नकोस. नकाशावर गावात जिथं जिथं आमची ताकद, तिथं चवळीचा एक दाणा – बरोबर? आणि अडचण हा शब्द काढायचा नाही. काढलाच, तर तू गोड हसून म्हणणार, 'ओचोलाची आई, हेच जरा उलटं करून सांगा ना.' सांगते की! तुझ्या आधी तुमच्या संस्थेतून आलेल्या साहेबाला नुसत्या अडचणीच हव्या होत्या – आम्ही पोटभर रडलो, तो चहा पिऊन गेला. तुला ताकद हवीय – आम्ही हसतो. आमचं काय जातंय?

बघ, बायकांनी अंगणात नकाशा कसा झकास काढलाय – ही राख म्हणजे आमचं सरोवर, व्हिक्टोरिया, आणि हा दगड म्हणजे हातपंप. पंप बंद आहे. बरं बरं, उलटं करून सांगते – पंप विश्रांती घेतोय! म्हणून आम्ही सरोवरावर पाण्याला जातो, सगळ्या मिळून, गाणी म्हणत. बायकांची एकी! मागच्या वेळी तुमच्याच लोकांनी छापलं म्हणे, फोटोसकट. आणि पंप दुरुस्त करणारे गेले शेजारच्या गावाला – तिथल्या बायकांना गाता येत नाही ना! यंदा तरी होईल का गं पंपाचं? ...तुझ्या हातात नाही. बरं.

फोटोत पुढं आहे ती अवुओर, माझी सवत. मासे वाळत घालताना जागेवरून भांडायची मेली, सगळं ऊन हिलाच हवं – पण पाण्याच्या वाटेला लागलो की सूर तिनंच धरायचा, मी मागून ओढायचा. आता? आता नाही गात कुणी. गुपचूप जातो, पाण्याकडं कान लावून. का म्हणजे? मी कुठं काय म्हणाले? तू एकी लिही.

थांब, माझा दाणा राहिलाय. हा बघ – इथं, राखेच्या काठाला, लव्हाळ्यापाशी. काय? इथं कसली ताकद? पोरी, कॅन भरायला वाकली होती अवुओर. मी हात धरला होता तिचा – दोन्ही हातांनी धरला होता – ओढत होते – नाही पुरले मी. पिवळा कॅन तेवढा तरंगत राहिला. ताकदच विचारलीस ना तू? तिथं मगरीची आहे. हे घे, कर उलटं.

जा आता. आणि दाणे उचलू नकोस, कोंबड्या खातील.